दुकानात शहाणी, रस्त्यावर येडी

मी बोलतेय ती पंजाबरावांची टॅक्सी. मोर्णा नदीपल्याड, अकोल्याच्या जुन्या शहरात कोणालाही विचारा, माझा पत्ता सांगेल. जन्म माझा सातासमुद्रापलीकडचा, अडतीस सालचा. पण वऱ्हाडात येऊन इतकी वर्षं झाली, की विलायतेचं मला काही म्हणता काही आठवत नाही. इथली धूळ खाल्ली, इथल्या विहिरींचं पाणी प्यायले. तेव्हा बोलण्यात थोडा ठसका आला तर रागावू नका बापा.

माझे पहिले मालक अमरावतीचे एक वकील. ते मला कचेरीत न्यायचे आणि परत आणायचे, बस्स. बावन्न साली त्यांनी मला पंजाबरावांना विकलं आणि माझी टॅक्सी झाली. पाचांच्या जागेत नऊ माणसं, वर दोन गाठोडी, खिडकीतून बाहेर आलेली एक कोंबडी. मला तेच आवडायचं. माणसांची एक गंमत मात्र तिथेच कळली. गाडी चालते तोवर ‘माही गाडी’, आणि बंद पडली की लगेच ‘हे गाडी’.

एकसष्टच्या दसऱ्यानंतर मी अशीच ‘हे गाडी’ झाले. इंजिनाचा क्रँक तुटला. सुटे भाग मिळेनात. स्टँडवरच्या सगळ्यांनी सांगितलं, भंगारात टाक. पंजाबराव जवळजवळ तयारही झाले होते, तेवढ्यात धर्मपाल मिस्त्री मध्ये पडला.

हा धर्मपाल बडनेऱ्याच्या रेल्वे शेडमधली पक्की नोकरी सोडून आलेला. अकोल्यात लिंबाखाली चार टिनं टाकून त्यानं स्वतःचं वर्कशॉप काढलं होतं. सहा महिने झाले होते, पण लोक त्याच्याकडे स्टोव्ह आणि पिचकारीपंप सोडून काही आणत नव्हते. कोळशाच्या इंजिनावरचा माणूस, त्याला मोटारीतलं काय कळतंय, असं स्टँडवर उघड बोलायचे. त्यानं त्याच स्टँडवर सगळ्यांदेखत सांगितलं की दुसरं इंजिन बसवून ही गाडी मी अमरावतीला नेऊन परत आणीन. जमलं नाही तर टिनं उतरवीन.

मूर्तिजापूरच्या एका जिनिंगमधून त्यानं इंजिन आणलं. लढाईतल्या कुठल्याशा ट्रकचं ते. जिनिंगवाल्यांनी वर्षानुवर्षं त्यावर कापसातली सरकी काढायचे रेचे चालवले, मग वीज आली आणि ते कोपऱ्यात पडलं. धर्मपालनं माझं पोट कापलं, इंजिन टेकायला नवे पाय ठोकले, ते आत बसवलं. रेडिएटर माझाच जुना, पंखा इंजिनासोबत आलेला. वीस दिवसांनी मी पहिल्या हँडलला सुरू झाले. काय आवाज होता तो! मला वाटलं, मी पुन्हा तरणी झाले.

आणि अमरावतीच्या वाटेवर, बोरगावच्या अलीकडेच मी उकळले. वाफेचा असा फवारा उडाला की पंजाबराव दार उघडून शेतात पळाले.

मग सुरू झालं दुखणं. धर्मपालच्या दुकानात, टिनांखाली, तासभर चालू ठेवा, मी थंडगार. रस्त्यावर काढा, पाच-सहा मैलांत माझा चुलीवरचा हंडा. हळू चालवलं तर कमी तापायची, जोरात पळवलं तर जास्त. पंजाबराव वैतागून म्हणायचे, दुकानात शहाणी आन रस्त्यावर येडी. सल्ले देणाऱ्यांना तर ऊतच आला. शेवटी पंजाबरावांनी माझ्या तोंडाला लिंबू-मिरची बांधली. धर्मपालनं ती सोडली नाही, इतकंच म्हणाला, “भाऊ, यंत्राले नजर लागत नाही. त्याले कारण असते.”

या माणसाची काम करायची तऱ्हा मला आवडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मला रस्त्यावर न्यायचं. आधी सोड्यानं रेडिएटर धुतला. बोरगावला उकळले. पट्टा घट्ट केला. उकळले. पाण्याचा पंप उघडून पाहिला, हेड उघडून पाहिलं, ठिणगीची वेळ बदलून पाहिली. दरवेळी विहिरीवरून डब्यानं पाणी आणून मला पाजायचा, वाफेनं भाजलेला हात पाण्यात बुडवायचा, आणि पुढचं काम धरायचा. एकदाही मला लाथ घातली नाही. लाथा घालणारे मिस्त्री मी पाहिलेत हो, म्हणून सांगते.

पंजाबरावांनी शेवटी रविवारची मुदत दिली. रविवारी अमरावतीहून न उकळता परत आली तर ठीक, नाहीतर सोमवारी भंगारवाला. मी गेले तर धर्मपालची टिनंही जाणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. शुक्रवारी तो माझ्या पायरीवर बसून राहिला. मला त्याची फार दया आली. बोलता येत असतं तर काय हवं होतं? पण मला तरी कुठं कारण ठाऊक होतं!

त्याच दुपारी त्याची बायको पंचफुला भाकर घेऊन आली. मी सुरूच होते. ती माझ्या तोंडासमोरून जाता जाता थांबली, मागं सरली, पुन्हा पुढं आली, आणि दोन्ही हात माझ्या जाळीपुढे धरून उभी राहिली.

“हे आमच्या जिनातलं इंजन व्हय,” ती म्हणाली.

धर्मपालनं विचारलं, तुला कसं कळलं? पंचफुलाचं माहेर मूर्तिजापूरचं. लग्नाआधी चार वर्षं ती त्याच जिनिंगमध्ये रेच्यावर कापूस टाकायला होती.

“हिवाळ्यात आमी बाया याच्यापुढे हात शेको,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात याच्या पुढून कोणी जाये नाही, तोंडावर झळ मारे. आताही तशीच मारून राहिली.”

धर्मपाल उठला. हंगामाचे दिवस, रस्त्यावर बैलगाड्यांतून सांडलेला कापूस जागोजाग पडलेला. पंचफुलानं त्यातला चिमूटभर उचलून माझ्या जाळीपुढे धरली. तिथं कापूस आत ओढला जाऊन चिकटायला हवा होता. तो भुर्रकन बाहेर उडाला आणि थेट धर्मपालच्या मिशीवर बसला.

मग तिनंच सांगितलं. जिनिंगमध्ये हवेत सगळी रुई. पंखा आत ओढायचा तेव्हा ती रुई रेडिएटरवर थापली जायची, एकदा तर रुईनं पेट घेतला होता. म्हणून तिथल्या मिस्त्रीनं पंख्याची पाती ठोकून उलटी वाकवली. वारा आतून बाहेर फेकायचा, रुई दूर राहायची. एका जागी उभ्या इंजिनाला ते बरोबरच होतं. पण मी पडले धावणारी. रस्त्यावर समोरून वारा आत घुसायचा आणि माझा पंखा त्याला बाहेर ढकलायचा. एका दारात दोन म्हशी समोरासमोर अडकाव्यात तसं झालं, ना ही आत ना ती बाहेर. जितकी पळायची तितकी जास्त तापायची, ते यामुळे.

तेवढ्यात पंजाबराव आले. मला वाटलं, मिस्त्री आता काहीतरी सारवासारव करील. माणसं करतातच. पण धर्मपाल सरळ म्हणाला, “चूक माही आहे, भाऊ. इंजन सारं खोलून पाह्यलं, पण ते कुठं काम करून आलं ते इचारलं नाही. घरातच सांगणारी होती.”

अशी चूक कबूल करणारा मिस्त्री मी आजवर दुसरा पाहिला नाही. खरंच सांगते, त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटला.

पाती तापवून, ठोकून पुन्हा सुलटी करायला शनिवार गेला. रविवारी सकाळी पंजाबराव चाकावर, शेजारी धर्मपाल, आणि मागच्या सीटवर एकटी पंचफुला. मोटारीत ती पहिल्यांदाच बसली होती. बोरगाव आलं, गेलं. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. अमरावतीच्या स्टँडवर धर्मपालनं फडकं घेऊन झाकण उघडलं. पाणी जसंच्या तसं, शांत. परतीला पंजाबरावांनी मुद्दाम मला पळवलं, अगदी अंत पाहिला मेल्यानं. मी उकळले नाही.

अकोल्याच्या स्टँडवर सगळे वाटच पाहत होते. कोणी विचारलं, मग सापडला का रोग मिस्त्रीला? पंजाबराव कधी कोणाचं कौतुक न करणारा माणूस. तो खाली उतरला, मागचं दार स्वतः उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “इंजन मिस्त्रीनं बसोलं. रोग या पंचफुलाबाईनं धरला. उतरा बाई.”

कोणी हसलं नाही. दुसऱ्या आठवड्यात लिंबाखाली तीन गाड्या उभ्या होत्या.

आता अडुसष्ट साल चालू आहे. मी म्हातारी झाले, पत्रा गंजलाय, दारं दोरीनं बांधलीत. पंजाबराव थकले, मला विकायचं म्हणतात. म्हणोत. दुरुस्तीच्या निमित्तानं मी लिंबाखाली जाते तेव्हा ऐकते, नवीन गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की धर्मपाल हात वर करतो आणि म्हणतो, आधी हिले सांगा. आणि पंचफुलाबाई दरवेळी तोच एक प्रश्न विचारते, “हे आधी कुठं होतं?”

मला जो कोणी घेईल, त्याला माझं एवढंच मागणं आहे. माझा रंग पाहू नका, दात मोजू नका. हाच प्रश्न विचारा. मी ताठ मानेनं सांगेन, लिंबाखाली होते, पंचफुलाबाईच्या हाताखाली.