खिडकीवर टांगलेली शेडनेट

मी एक जुनी शेडनेट आहे, म्हणजे सावलीची जाळी. रंगाने काळी, चार ठिकाणी शिवलेली, मुक्ताईनगरजवळच्या एका मळ्यात राहणारी. कारखान्यात मला विणलं तेव्हाच ठरलं होतं, अर्धं ऊन अडवायचं, अर्धं सोडायचं. मित्रांनो, जन्मभर अर्धंच काम करायचं असूनही मला चैन म्हणून नाही. जरा वारा आला की मी फडफडते.

तोतारामनानांनी मला केळीच्या रोपांवर बांधलं होतं. तीनशे रोपं, ट्रेमध्ये लावलेली, वीतभर उंचीची, उघड्या उन्हात तासाभरात करपतील इतकी नाजूक. नाना रोज माझ्याखाली वाकून त्यांची विचारपूस करत. माझी कधी केली नाही.

मे महिन्यात नानांची पुतणी रूपाली पिक्चर काढायला आली. सोबत लग्नांचं शूटिंग करणारा हितेंद्र आणि त्याचा एकुलता एक दिवा. शेवटचा शॉट असा होता: रूपालीच्या काकू, म्हणजे सुगंधाबाई, खोलीत बसून खिडकीतून आपली घडांनी भरलेली केळीची बाग शेवटची बघतात. ते खरंच होतं. बारा वाजता घड कापणारी टोळी येणार होती.

अडचण एकच. काकूंचा चेहरा नीट दिसला की खिडकी पांढरीफटक. बाहेरची केळी दिसली की काकू काळ्याठिक्कर.

"काकू दाखवू की केळी?" हितेंद्रने विचारलं.

"दोन्ही."

"मग या उन्हाशी भिडायला चाळीस दिवे आण."

"दिवे राहू दे. ऊनच कमी करू," रूपाली म्हणाली, आणि तिची नजर माझ्यावर पडली.

नाना आंघोळीला गेले होते. तेवढ्यात मला सोडून खिडकीबाहेर टांगलं गेलं. कॅमेऱ्यात पाहून हितेंद्र ओरडला, "जमलं नं भो! केळी दिसली!" पहिल्यांदाच कुणी माझं कौतुक केलं. मला मात्र ते गोड लागेना. तिकडे तीनशे रोपं उघडी पडली होती.

काकू शॉटच्या मधेच उठल्या. "तुह्या खिडकीले सावली पाह्यजे, अन् माह्या रोपायले?"

"काकू, दहाच मिनिटं."

"हे त्यायले सांग जाऊन."

रोपांना सांगायला कुणी गेलं नाही. शेवटी काकूंच्या हुकमाने सगळे ट्रे खोलीत आले. हितेंद्र एका पायावर उभा राहिला, कारण दुसऱ्याला जागा नव्हती. दिवा लावला तर पानांवरचा उजेड उसळून काकू हिरव्या दिसू लागल्या. मग रूपालीने नानांचं वाळत घातलेलं पांढरं धोतर आणून रोपांवर पसरलं. उजेड धोतरावरून काकूंच्या चेहऱ्यावर चढला. आतलं आणि बाहेरचं अखेर सारखं झालं.

राहिली मी. माझ्या फडफडीने बाग पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी हलत होती. नाना टॉवेलवरच बाहेर आले, एकदा धोतराच्या दोरीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, आणि खिडकीखाली बसून त्यांनी माझं टोक धरलं. रस्त्याने जाणाऱ्या झुलालने विचारलं, "नाना, हे काय करी राह्यले?" आत आवाज रेकॉर्ड होत होता, म्हणून नानांनी नुसती मान हलवली. झुलालला ते पटलं असावं. त्याने शेजारी बसून दुसरं टोक धरलं.

टोळी आली. पहिला घड खाली उतरला. काकू आपला संवाद विसरल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. तेवढा वेळ मी अजिबात हलले नाही.

मग सगळे तो शॉट बघत बसले. पाच वेळा. नानांनी धोतर परत घेतलं, रोपं जागेवर नेली आणि वर बघितलं, तर नुसते बांबू. "अरे, जाळी आना रे!" ते ओरडत होते. आत सहाव्यांदा शॉट चालू होता. मी खिडकीला हिसके देत होते, पण सुतळी पक्की होती. शेवटी काकूच धावत आल्या आणि त्यांनी ती दाताने तोडली.

तोवर सात रोपांनी मान टाकली होती. पिक्चरमध्ये ती कुठेही दिसत नाहीत.

मित्रांनो, कुणाची सावली उसनी नेताना आधी जरा वाकून बघा, तिच्याखाली कोण बसलंय.