ठिपका जाईपर्यंत

“ट्यूब थकली असंल, पोरी,” मोतीरामकाका म्हणाले आणि त्यांनी टीव्हीच्या डोक्यावर एक टपली मारली.

टीव्ही ढिम्म. टोपलीतल्या कांद्यांत खुपसलेला सेन्सर तापमान सांगत होता, पण स्क्रीनवरचा ३१ हा आकडा राखेत बोटानं लिहिल्यासारखा फिकट. विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक तिसऱ्या टेबलापाशी होते, आमचं सातवं. गेल्याच महिन्यात मी अख्ख्या शाळेसमोर माईकवर बोलले होते बरं का! तीच मी, नववी ब ची स्नेहल, आता घामानं ओली झाले होते.

“मोतीरामभाऊ, माझा टीव्ही तर पाच मिनिटांत लावायचात!” आमच्या गल्लीतल्या वत्सलाबाई हसल्या. “म्हातारे झालात की काय?”

चाळीस वर्षं पंचवटीत टीव्ही दुरुस्त केलेले काका तळहात शर्टाला पुसत राहिले.

मी वाकून आर्डुइनो पाहिला. त्या इवल्याशा निळ्या बोर्डातून टीव्हीकडे दोन वायरी जातात. एक चित्र नेते, दुसरी ते जागेवर धरते. दोघींना वीज अडवणारा वेगवेगळा रेझिस्टर लागतो आणि तो ओळखायचा त्याच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून. काल सोल्डर काकांनीच मारलं होतं. “पट्टे काय वाचायचे? बोटांना कळतं,” म्हणाले होते.

जिथे तपकिरी-काळा हवा, तिथे पिवळा-जांभळा होता. अदलाबदल!

चूक सांगणारच होते, पण काल चहाचा कप समोर असून काका टेबलभर चाचपडत होते, ते आत्ता आठवलं.

“स्नेहल, आवर गं! परीक्षक सहाव्यावर आलेत, पुढचा नंबर तुझा,” छाया मॅडम ओरडल्या.

“काका, तुम्ही पुढून बघा ना. मी मागून वायर हलवते.”

“हलव. पन टीव्हीच्या आत हात नाय घालायचा. बंद केला तरी ठिपका जाईपर्यंत नाय!”

ही त्यांची जुनी सूचना: डबा-टीव्ही बंद केला तरी पडद्यावर पांढरा ठिपका दिसतो तोवर आत वीज उरलेली असते. पिन दोनदा भोकात गेलीच नाही. तिसऱ्यांदा बसली. दोन्ही वायरींच्या जागा बदलल्या.

३१. पांढराशुभ्र!

“बघा! शेवटी हात कुणाचा!” वत्सलाबाई म्हणाल्या.

परीक्षकांनी विचारलं, “जोडणी कोणी केली?”

“काकांनी,” मी ठणकावून सांगितलं.

“नाय सायेब,” काका हळूच म्हणाले. “माझी चुकली व्हती. हिनं नीट केली.”

मला त्यांच्याकडे बघवेना.

दुपारी हॉल रिकामा झाला. काकांनी टेबलाच्या कडेकडेनं बोटं नेत बटण शोधलं आणि टीव्ही बंद केला. आकडा आक्रसून पांढरा ठिपका झाला, मग तोही विझला. काका तळहात टीव्हीच्या गरम पाठीवर ठेवून उभेच.

त्यांनी विचारलं, “गेला का गं ठिपका?”