तिघांना न्यायला गेलो

दवाखान्यातून फोन आला. आमचे तीन भ्रूण तिथं गोठवून ठेवले होते, त्यांचं काय करायचं ते या आठवड्यात कळवा म्हणाले. माझी बायको संयोगिता जाऊन पाच महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलला नायट्रोजनचा कंटेनर बांधला आणि राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात गेलो.

मी दूध संघात म्हशींना कृत्रिम रेतन करतो. एकवीस वर्षं झाली. गोठवलेल्या रेताच्या कांड्या कशा जपायच्या हे मला शिकवायला नको. म्हटलं, आपलीच आहेत, घरी आणू. कंटेनर रिकामा करून ताजा नायट्रोजन भरला होता.

आमचे उपचार डॉ. मेहक मुजावर यांनीच केले होते. त्यांनी कंटेनरकडं बघितलं.

"केरबाभाऊ, हे काय आणलंय?"

"तिघांना न्यायला आलोय."

"असं घरी देता येत न्हाय हो."

"का? माझ्याकडची एक कांडी आजवर खराब झाली न्हाय. विचारा म्हशींना."

त्या हसल्या. मीही हसलो, आणि एकदम रडू आलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. संयोगिता नाही, त्यामुळं कायद्यानं माझ्यासाठी यांचं मूल करता येणार नाही. अजून काही वर्षं ठेवता येतील. नाहीतर नष्ट करायचे, किंवा संशोधनाला द्यायचे.

त्यांनी फाइलमधला जुना फॉर्म काढला. 'दोघांपैकी एक मरण पावल्यास' याच्यापुढं संयोगितानं 'संशोधन' वर खूण केली होती. खाली माझी सही. त्या दिवशी वडणग्यात एक म्हैस माजावर होती, रेतन वेळेत करायला हवं होतं, फोनवर फोन येत होते. मी न वाचताच सही करून पळालो होतो.

"काही बोलली होती का ती?"

"पहिलं विचारलं, त्यांना दुखंल का. मी म्हटलं, पाच दिवसांचा बारीक गोळा असतोय, नसा तयार झालेल्या नसतात. मग विचारलं, यातनं इन्शुलिन करणाऱ्या पेशी हुतील का. म्हटलं, आतल्या पेशींपासून शरीरातली कुठलीबी पेशी तयार हू शकते. त्यावर काम चाललंय, पण यातनं औषध निघंलच असं सांगता येत न्हाय. तर म्हणाल्या, एखाद्या पोरीचं टोचून घ्यायचं थांबलं, तर आमची तिघं कामाला आली म्हणायची."

संयोगिता अकराव्या वर्षापासून इन्शुलिन घ्यायची. शेवटी मूत्रपिंडं गेली. अखेरची दोन वर्षं सुई मी द्यायचो. "म्हशीला टोचताय काय?" म्हणायची.

"आणि त्या तिघांचं काय हुतंय?"

"पेशी काढल्या की भ्रूण राहत न्हाय. खोटं सांगणार न्हाय."

"म्हणजे मारायचंच की."

"माझी अम्मी हेच म्हणते. मला तसं वाटत न्हाय. पण तुम्हाला वाटत असंल तर सही करू नका. वैनींची खूण असली तरी आज तुमचा होकार पायजे."

मी कंटेनर उचलला.

"एकदा बघू दे मला."

आतल्या खोलीत टाकी होती, आमच्या संघातल्यासारखीच. मी पट्टी मागून नायट्रोजनची पातळी बघितली.

"चार बोटं खाली हाय."

"आज भरायचा वार हाय. माणूस दुपारी येतोय."

"माझा ताजा हाय. मी भरू?"

बाई घुटमळल्या. मग म्हणाल्या, "भरा. पण हातमोजे घालून."

मी सावकाश ओतलं. पांढरी वाफ पायांवर उतरली. लोकांच्या वासरांसाठी हे रोज करत आलो होतो. या तिघांसाठी पहिल्यांदाच केलं. टाकी भरली तशी झाकण लावलं आणि त्यावर थोडा वेळ हात ठेवला.

बाहेर येऊन नवा फॉर्म मागितला. चष्मा लावला. पहिल्या पानावर होतो तोवर फोन वाजला. पलीकडं आमच्या संघाचे एक शेतकरी, हंबीरराव, म्हैस सकाळपासून ओरडतेय म्हणून.

"कवा येतायसा? माज जाईल की!"

"थांबा जरा, पावणं," मी म्हटलं. "वाचून सही करायची हाय."