रंगाने मिटलेल्या पट्ट्या

मी एक जुनी झडप आहे. खिडकीचीच, पण काचेच्या अलीकडे, खोलीच्या आत राहणारी. मित्रांनो, झडप म्हणजे नुसती फळी असं समजू नका, मला राग येतो. माझ्या चौकटीला एका बाजूने बिजागऱ्या आहेत, दुसऱ्या बाजूने कडी. चौकटीत आडव्या पट्ट्या बसवल्या आहेत, आणि प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांच्या बारीक खुंट्यांवर फिरते. सगळ्या पट्ट्या तारेच्या आकड्यांनी एका उभ्या दांडीला जोडलेल्या आहेत. दांडी खाली ओढली की साऱ्या एकदम उघडतात, वर ढकलली की मिटतात. सुताराने प्रत्येक खुंटीपाशी केसभर फट ठेवली होती. माझा सगळा जीव त्या फटीत आहे.

खोलीत बाबा एकटे राहत. आयुष्यभर त्यांनी पुस्तकांची बांधणी केली होती. समोरच्या घरात, खिडकीशी मशीन मांडून, शिलाईवाली ताई बसायची. दोघांनी एक खूण ठरवली होती.

"सकाळी पट्ट्या उघडल्या की समजायचं, म्हातारा ठणठणीत आहे," बाबा म्हणाले होते.

"आणि नाही उघडल्या तर मी तुमची दुसरी किल्ली घेऊन वर येणार. झोपमोड झाली म्हणून मग ओरडायचं नाही!" ताईने बजावलं होतं.

रोज सकाळी बाबा दांडी ओढत, समोरून ताई हात वर करी. एकदा ते तापाने फणफणले आणि पट्ट्या मिटलेल्याच राहिल्या. ताई धावत आली, डॉक्टरांना घेऊन आली. "या झडपेने वाचवलं मला," असं बाबा येईल त्याला सांगत. मी फुगून गेले होते.

मग बाबांची लेक रंगाचा डबा घेऊन आली. खोली उदास दिसते म्हणून बिचारीने सुट्टी काढली होती. सपाट रंगवता यावं म्हणून तिने पट्ट्या मिटल्या आणि मला रंगाचे दोन हात दिले. खुंट्या, बिजागऱ्या, कडी, सगळं एका रंगात न्हाऊन निघालं. मी नव्यासारखी दिसू लागले. सकाळी बाबांनी दांडी ओढली, तर मी जागची हलेना.

"जोर लावू नका, तुटेल ती," लेक म्हणाली. "पुढच्या खेपेला सोडवून देते."

ताई किल्ली घेऊन धापा टाकत आली. बाबा हसले. "मी बरा आहे गं. रंगाने चिकटली आहे झडप." दुसरी काही खूण ठरवावी, हे तिघांपैकी कोणालाच सुचलं नाही. हळूहळू ताईच्या डोळ्यांना मिटलेल्या पट्ट्यांची सवय झाली. लेक येऊन गेली, पुन्हा आली. दर खेपेला काहीतरी दुसरं काम निघायचं.

एका सकाळी बाबा पलंगावरून उठले आणि माझ्या पायथ्याशी कोसळले. फोन स्वयंपाकघरात होता. त्यांनी ताईला हाक मारून पाहिली, पण आवाज फुटत नव्हता. मग हात वर करून त्यांनी माझी दांडी धरली आणि ओढली. पुन्हा ओढली. एक आकडा तुटला. पट्ट्या हलल्या नाहीत. समोरचं काही मला दिसत नव्हतं, फक्त ताईचं मशीन ऐकू येत होतं. ते थांबलं नाही.

संध्याकाळी बाबांचा हात दांडीवरून सुटला.

दुसऱ्या दिवशी लेक आली, तेव्हा फार उशीर झाला होता. "काल सकाळीच कोणी आलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, आम्हाला रंग द्या, पण सुकेपर्यंत पट्ट्या हलवत राहा. आणि काही अडकलं असेल तर ते पुढच्या खेपेवर टाकू नका. एवढंच माझं मागणं आहे.

सगळं आटोपल्यावर लेकीने सुरी घेतली आणि एकेका खुंटीचा रंग खरवडून काढला. रडत रडत तिने दांडी ओढली. आकडा तुटलेली एक सोडून बाकी पट्ट्या उघडल्या. उन्हाच्या रेघा रिकाम्या पलंगावर पडल्या. समोर मशीन थांबलं, आणि सवयीने ताईचा हात वर गेला.