सात नंबरची लांडगीण

"ही सात नंबरची अहवालातून काढून टाका," साहेब पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "पट्टा बिघडला होता, असं एक पत्र द्या. सही तुमची लागेल."

बाई उभ्याच राहिल्या. लांडग्यांच्या गळ्यात मोजणीचे पट्टे बांधायचे काम त्या एकोणीस वर्षे करत होत्या. कचेरीत सगळे त्यांना गमतीने 'पट्टेवाली' म्हणत. पट्ट्यातले यंत्र जनावराची प्रत्येक हालचाल टिपायचे. चालण्या-धावण्यात त्याची किती शक्ती खर्ची पडली, ते त्यावरून कळायचे.

"पट्टा धड होता, साहेब."

"अहो, बाकी तिघांच्या दुप्पट शक्ती? पटतं का तुम्हाला?"

"त्या तिघांची बिळं कालव्याच्या अलीकडं आहेत. शिकारही अलीकडंच. हिची पिल्लं पलीकडं राहिली. काठ गुळगुळीत सिमेंटचे, आत पडलं की वर येणं नाही. पूल नऊ किलोमीटरवर. तोंडात घास धरून ती रोज तेवढा वळसा घालायची."

"एकीपायी सगळी सरासरी बिघडते. वरून तीनदा फोन आलाय. कालवा पुढं न्यायचाय."

बाईंनी पिशवीतला पट्टा काढून टेबलावर आपटला. "बांधला तेव्हा यात माझी दोन बोटं जेमतेम जात होती. मेली तेव्हा अख्खी मूठ गेली. मीच सोडवला, या हातांनी. म्हणे पट्टा बिघडला! चालून चालून मेली ती!"

"आवाज खाली."

"तिला काढायचं तर माझंही नाव काढा."

घरी नवऱ्याने कपाळाला हात लावला. "लांडग्यापायी साहेबाशी भांडलीस? आता बसवतील कुठंतरी कोपऱ्यात."

"बसवू देत. खोट्यावर सही करून मिरवण्यापेक्षा कोपरा बरा."

महिन्याभरात अहवाल छापून आला. लांडगे तीन, तिन्ही ठणठणीत. बिघाडाच्या पत्राखाली दुसऱ्याच कुणाची सही होती. बाईंचे नाव कुठेच नव्हते. त्यांची रवानगी सामानाच्या खोलीत झाली.

त्या रविवारी बाई कालव्यावर गेल्या. स्कूटर काठाला लावली आणि चालू लागल्या. पुलापर्यंत नऊ किलोमीटर, पूल ओलांडून काठाकाठाने पुन्हा नऊ. ऊन डोक्यावर आले. टाचेला फोड येऊन फुटला. रिकाम्या बिळापाशी पोचायला दुपार उलटली. त्या मातीतच बसल्या.

समोरच्या काठावर, शंभर फुटांवर, त्यांची स्कूटर उभी होती.