जावयाची रॅम

"परत मेला!" नाना ओरडले, तशी आतून बायकोने विचारलं, "आता कोण?"

"कंपायलर!"

"हात्तिच्या! मला वाटलं, कोणी ओळखीचं."

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या नानांनी आपल्या जुन्या कॉम्प्युटरसाठी अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम सोर्स कोडपासून स्वतः बांधायला घेतली होती. तयार मिळत होती, फुकट मिळत होती. पण आयतं घेणं नानांच्या रक्तात नव्हतं. कंपायलरने हजारो फायली एकेक करून यंत्राला कळतील अशा करून द्यायच्या, एवढंच काम. पण तो मध्येच मान टाकायचा, आणि दर वेळी नव्या फायलीवर! काल जी अडली ती आज सुरळीत पार, आज भलतीच अडलेली.

नानांनी आधी कंपायलर लिहिणाऱ्यांचा उद्धार केला, मग विजेचा, मग उन्हाळ्याचा. शेवटी खात्यातली अक्कल कामी आली. रोज वेगळ्या घरचा फोन खरखरला, तर दोष फोनमध्ये नसतो, एक्स्चेंजमध्ये असतो. इथलं एक्स्चेंज म्हणजे रॅम, कॉम्प्युटरची कामापुरती स्मरणशक्ती; प्रत्येक फाईल तिच्यातूनच जाणार. तिच्या पट्ट्या दोन: एक नानांची, पहिल्यापासूनची, दुसरी गेल्या भेटीत जावयाने हौसेने बसवलेली.

नानांना मनातून गुदगुल्या झाल्या. हा जावई लेकीने स्वतःच पसंत केलेला, आणि त्याच्यात एकही खोट सापडेना म्हणून नाना लग्नापासून अस्वस्थ होते. तपासाबिपासाच्या फंदात न पडता त्यांनी लेकीला फोन लावला.

"तुझ्या नवऱ्याची रॅम कुचकामी निघाली. घेऊन जायला सांग."

"नक्की का, बाबा?"

"जन्मभर फॉल्टच शोधलेत मी!"

फोन ठेवून त्यांनी जावयाची पट्टी उपटली आणि एकट्या आपल्या पट्टीवर काम सुरू केलं. चहा निवायच्या आत कंपायलर मेला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेला. मग बायको बघत नाही ना याची खात्री करून नानांनी आपली पट्टी काढली आणि जावयाची बसवली.

फायलींमागून फायली सरकू लागल्या. सकाळची दुपार झाली, पण एक अडेल तर शपथ! इतकी वर्षं इमानाने राबलेली पट्टी टेबलावर पडली होती. तिला बोल लावायला नानांची जीभ रेटेना. वाईट वाटत होतं.

बेल वाजली. दारात जावई, ओशाळलेला. "सॉरी बाबा. मी तपासून द्यायला हवी होती. काढून नेतो." आणि तो आत येऊन वाकून कॉम्प्युटरचं बटण शोधू लागला.

"हात लावू नका!"

बायको धावत आली. "अहो, ओरडताय काय? त्यांचीच खराब आहे ना?"

नानांनी पडद्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, घसा साफ केला. "त्यांची चांगली आहे. तिच्यावरच चाललंय सगळं. खराब माझी होती."

"आणि तो फोन?"

"ती घाईही माझीच."

जावई हसला नाही, हे नानांनी नोंदवून ठेवलं. त्याने खिशातून एक कोरी पट्टी काढली. "बदलून द्यायला आणली होती. आता जोडीला लावू या?"

"आधी हे पुरं होऊ द्या."

नाना उठले. त्यांच्या खुर्चीवर घरात दुसरं कोणी बसत नसे. ती त्यांनी पुढे सरकवली. "बसा, जावईबापू."

स्वतः ते शेजारच्या स्टुलावर टेकले आणि जुनी पट्टी मुठीत धरून सरकणाऱ्या फायली बघत राहिले.