अखंड आयर्लंडचे अकरा जण

रग्बीला आख्ख्या आयर्लंडची एक टीम आहे. हॉकीला आहे. क्रिकेटलासुद्धा आहे, आणि त्याकडे तर इथे कुणी ढुंकून बघत नाही. फुटबॉललाच कुठला साप चावला कोण जाणे. या बेटावर साप नाहीत, त्यामुळे ते काम माणसांना करावं लागतं. ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तरेची टीम वेगळी, स्वतंत्र झालेल्या दक्षिणेची वेगळी, आणि दोघांच्या जर्सी हिरव्याच.

तर आमच्या ड्रमलॅहीतल्या शहाण्यांनी ठरवलं, की देशाला शंभर वर्षांत जमलं नाही ते आपण करून दाखवू. पुलाच्या अलीकडची प्रॉटेस्टंट आणि पलीकडची कॅथलिक पोरं घेऊन एक अखंड टीम करायची आणि झोकात सामना खेळायचा. लगेच कमिटी नेमली. ती बसणार कुठे यातच महिना गेला, कारण चर्चचा हॉल म्हटला की कुठल्या चर्चचा हे आलंच. गुरांना धर्म नसतो म्हणून शेवटी गुरांच्या बाजारातलं माझं कँटीन ठरलं.

अध्यक्ष झाले गिल्डीमास्तर. निवृत्त, कॅथलिक, आणि दर वाक्यात 'इतिहास' हा शब्द घातल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. उपाध्यक्ष माझा चुलतभाऊ वेस्ली बेअर्ड. त्याचं पशुखाद्याचं दुकान आहे, तो आमच्या प्रॉटेस्टंटांपैकी, आणि दर बारा जुलैला आमच्या जुन्या विजयाच्या केशरी मिरवणुकीत ढोल बडवून हाताला फोड आणतो. मी चहा ओतायची, हॅमची सँडविचं पुढे करायची आणि जीभ चावत बसायची.

जीभ चावत होते, कारण मला या टीमची गरज होती. माझे दोन मुलगे, ट्रेव्हर आणि डोनल. ट्रेव्हरचं नाव माझ्या वडिलांनी ठेवलं, डोनलचं कॅथलिक सासूबाईंनी, यावरून आमच्या लग्नाची कल्पना यावी. दोघांना फुटबॉल शिकवला त्यांच्या बापाने, माझ्या बार्नीने, गोठ्याच्या भिंतीवर चुन्याने गोलपोस्ट काढून. ट्रेव्हर उत्तरेच्या तरुणांच्या टीमकडून खेळला. डोनल गोलकीपर, तो दक्षिणेकडे गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. बार्नी गेला तेव्हाही तेच. आमच्याकडे शवपेटी उचलताना जोडीची माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात. माझी पोरं एक पुढे आणि एक मागे उभी राहिली, म्हणजे हात टाकायला नको. तेव्हापासून ख्रिसमसचं जेवण मी दोनदा रांधते आहे.

जर्सीवर कमिटी तीन बैठका बसली. हिरवी नको, कारण कुणाची हिरवी? निळी ब्रिटिशांची म्हणून नको, केशरी तर नकोच. पिवळी म्हटल्यावर वेस्लीला त्यात पोपचा झेंडा दिसला. शेवटी राखाडी ठरली, माझ्या कँटीनच्या फरशी पुसायच्या फडक्यासारखी. झेंडाच नको, हे त्या मानाने लवकर ठरलं.

मग आलं राष्ट्रगीत.

"तुमचं वाजलं तर मी मैदानाकडे पाठ करीन," वेस्ली म्हणाला.

"आणि तुमचं वाजलं तर माझी माणसं पुलावरूनच परत जातील," मास्तर म्हणाले. "वेस्ली, अरे इतिहासाच्या दृष्टीने..."

"इतिहास राहू द्या मास्तर, मला सहाला दुकान बंद करायचंय."

शेवटी गाण्याऐवजी एक मिनिट शांतता पाळायची ठरली. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. मग कुणीतरी विचारलं, शांतता पाळायची कुणासाठी?

तीस वर्षं दोन्हीकडून बंदुका चालल्या, त्यामुळे आमच्या गावात मेलेल्या माणसांचा तुटवडा नाही, पण प्रत्येक मेलेला कुणाचा तरी आहे. अमक्याचं नाव काढलं की त्याला कुणी मारलं हे आलं, तमक्याचं काढलं की त्याने कुणाला मारलं ते आलं. तास गेला, सँडविचं संपली. मग मास्तर आणि वेस्ली, दोघांच्याही माना हळूच माझ्याकडे वळल्या.

"हेझल," मास्तर मऊ आवाजात म्हणाले, "आपला बार्नी..."

आपला म्हणे! माझ्याशी लग्न केलं म्हणून याच मास्तरांनी वीस वर्षं त्याला आपल्या क्लबच्या पोरांना फुटबॉल शिकवू दिला नाही. आणि हा वेस्ली, माझ्या लग्नाच्या दिवशी दुकानाचं शटर ओढून आत बसला होता. जिवंतपणी बार्नी दोघांनाही नको होता. आता मात्र कुणाचाच नसलेला मेलेला माणूस हवा, तर तो आपला! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की किटली तिथेच ओतावीशी वाटली.

पण मी किटली खाली ठेवली. म्हटलं, "घ्या त्याचं नाव. पण ट्रेव्हर आणि डोनल दोघंही त्या अकरांत पाहिजेत. एकजण जरी नसला तरी बार्नी मिळणार नाही."

बापाच्या शांततेला यायला नाही म्हणण्याची छाती माझ्या एकाही पोराची नव्हती.

शनिवारी दुपारी सगळं गाव जमलं. रविवारी ठेवता येत नाही, आमची प्रॉटेस्टंट माणसं देवाच्या वारी चेंडूला पाय लावत नाहीत. राखाडी कपड्यांतले अकरा जण ओळीत उभे राहिले, एका टोकाला ट्रेव्हर, दुसऱ्या टोकाला डोनल. मिनिटभर शांतता झाली. कुणी खोकलं नाही. मी रडले, खोटं कशाला सांगू. डोळे पुसून पाहिलं तर दोघंही बुटांकडे बघत होते.

शांतता संपली. टाळ्या झाल्या. मग पुन्हा शांतता पसरली, आणि ही काही ठरलेली नव्हती.

"मास्तर," रेफरीने विचारलं, "समोरची टीम कुठाय?"

मास्तरांनी वेस्लीकडे पाहिलं. वेस्लीने मास्तरांकडे पाहिलं. पहिल्या बैठकीत स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून टीम बोलवू असं निघालं होतं. पण ग्लासगोच्या टीमही प्रॉटेस्टंटांच्या नाहीतर कॅथलिकांच्याच, म्हणून तो विषय पुढे ढकलू असं एकमताने ठरलं होतं. त्या कमिटीचा तो एकच एकमताचा ठराव. पुढे जर्सी आली, झेंडा आला, गाणं आलं, आणि कुणाविरुद्ध खेळायचं हे राहूनच गेलं.

"आता काय करायचं?" वेस्ली म्हणाला. "आपसातच खेळू. दोन भाग करा."

करायला काय लागतंय! कुणी नावं पुकारली नाहीत, कुणी बोट दाखवलं नाही. अकराच्या अकरा जण आपापले चालत गेले, सहा प्रॉटेस्टंट एका गोलकडे आणि पाच कॅथलिक दुसऱ्याकडे. अखंड आयर्लंडला दुभंगायला चेंडू ठेवण्याइतकाही वेळ लागला नाही. माझा ट्रेव्हर सहांत गेला, डोनल समोरच्या गोलमध्ये. यासाठी मी नवऱ्याचं नाव दिलं होतं का?

खेळ संपत आला तेव्हा ट्रेव्हरला पेनल्टी मिळाली. त्याने चेंडू ठेवला. समोर डोनल हातमोजे झटकत होता. आणि त्याने तोंड उघडलं.

"डावीकडेच मारणार तू! बाबांचा घसा सुकला सांगून सांगून, तरी डावीकडेच!"

"गप रे, माकडा!"

ट्रेव्हरने डावीकडेच मारला. डोनलने झेप घेतली आणि चेंडू रेषेपाशी छातीखाली दाबला.

"गोल!" ट्रेव्हर ओरडला. "रेषेच्या आत गेलाय!"

"तुझं डोकं गेलंय आत! बाहेर धरलाय!"

"गोठ्यातसुद्धा असंच खोटं बोलायचास तू!"

"आणि तू अस्साच रडायचास!"

नाकाला नाक लावून दोघं भांडत होते. रेफरी चिखलात घसरून पडला होता, त्याला काहीच दिसलं नव्हतं. गोलच्या मागे माझ्याशेजारी उभे असलेले मास्तर उसासा टाकून म्हणाले, "आपण हरलो, हेझल."

"तुम्ही हरलात," मी म्हटलं. "कपबशा तेवढ्या विसळून जा."

दोघं चिखलाने माखलेले माझ्याकडे धावत आले. "आई, तू गोलच्या मागेच होतीस! सांग याला, गोल झाला की नाही?"

"मला काय ठाऊक? मी चहा ओतत होते."

गाडीत तेच भांडण, स्वयंपाकघरात तेच, बटाट्याचं भांडं एकमेकांकडे सरकवतानाही तेच. त्या दिवशी मी एकदाच रांधलं.

चेंडू कुठे होता ते मी चांगलं पाहिलंय. पण जीव असेपर्यंत सांगणार नाही.